धाकाने कुत्रा शिकतो, पण काय शिकतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला पाळीव कुत्र्यांवरचा लेख वाचला, खाणंपिणं, लसी, गोचीड वगैरे भाग छानच होता, पण शेवटी ट्रेनिंगबद्दल जे लिहिलंय की कुत्र्याला घरात एकाचा तरी धाक पाहिजेच, दिवसभरात काही उपद्व्याप केला असेल तर संध्याकाळी कामावरून आल्यावर ती जागा दाखवून दम द्यायचा, त्याला बरोबर कळतं आपण काय केलंय ते, हे वाचून काही राहवेना म्हणून लिहायला बसले. मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवायचे, आता रिटायर आहे, घरी एक गावठी कुत्री आहे आणि सोसायटीत कोणाचं पिल्लू नवीन आलं की माझ्याकडे फोन येतो. ट्रेनर वगैरे नाही मी. पण ज्या शास्त्रावर हे सगळं ट्रेनिंग उभंय ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलंय, आणि लेखातला सल्ला त्याच्या बरोब्बर उलटा आहे.

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह सगळ्यांना माहितीये, घंटा वाजवली, कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटलं, दोन मार्क. मुलं तेवढंच पाठ करतात आणि विसरतात. खरं तर हा माणूस कुत्र्यांना काही शिकवायला बसलाच नव्हता, तो पचनाचा अभ्यास करत होता सेंट पीटर्सबर्गला, 1904 चं नोबेल त्याला पचनग्रंथींच्या कामावरच मिळालं. कुत्र्याच्या गालावर छोटं ऑपरेशन करून लाळेची नळी बाहेर काढायची आणि थेंब मोजायचे असं ते काम. (त्याच प्रयोगशाळेत कुत्र्यांचा जठररस बाटल्यांत भरून अपचनावर औषध म्हणून विकायचे आणि त्यातून बऱ्यापैकी पैसे यायचे, हे वर्गात सांगितलं की मागचा बाक पण जागा व्हायचा.) तर झालं असं की खाणं तोंडात पडायच्या आधीच लाळ यायला लागली, भांडं दिसलं की, खाणं आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली की. दुसरा कोणी असता तर वैतागला असता की मोजमाप बिघडतंय, याने उरलेलं सगळं आयुष्य त्याच्यावर घालवलं. आणि घंटेचं जे आपण ऐकतो ते तर फारच क्वचित, जास्त करून मेट्रोनोम (एका लयीत टिकटिक करणारं यंत्र), बझर आणि चक्क हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी वापरायचे.

यात कळीची गोष्ट आहे ती क्रमाची. आधी आवाज, लगेच मागून खाणं, असं होत राहिलं तर नुसत्या आवाजाने लाळ सुटते. आधी खाणं दिलं आणि मग आवाज केला तर जवळपास काहीच होत नाही. मधे फार वेळ गेला तरी सांधा नीट जुळत नाही. आणि कुत्रा यात विचार करून काही ठरवत नसतो, लाळ काय ठरवून सोडायची गोष्ट आहे का, भीती पण तशीच, छातीत धडधड होणं, शेपटी पायात जाणं, हे सगळं आपोआप जोडलं जातं. कशाच्या मागून काय आलं, एवढंच त्या मेंदूत नोंदलं जातं.

आता हे आपल्या घरात आणून बघा. आमच्या कुत्रीला माझे ऑफिसचे, म्हणजे आता बँकेबिंकेत जायचे सँडल आणि फिरायला जायचे कॅनव्हास शूज यातला फरक बरोबर कळतो. सँडल काढले तर डोळा पण उघडत नाही, शूजच्या लेसला हात लावला की पूर्ण हॉलमध्ये गोल गोल. कोणी शिकवलं? कोणीच नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांची अॅक्टिव्हा आणि माझ्या मुलाची अॅक्टिव्हा, मॉडेल एकच, पण मुलाची गाडी गेटमधून आत वळली की ही दारात. फ्रीजच्या दाराचा आवाज, पट्ट्याची कडी खुळखुळली, कुकरची नाही पण चिकन उकडायच्या त्या विशिष्ट पातेल्याच्या झाकणाचा आवाज, सगळं पाठ आहे. म्हणजे ट्रेनिंग हे रविवारी सकाळी ट्रेनर आला की सुरू आणि तासाभराने बंद असं नसतंच, ते दिवसभर चालूच असतं, तुम्ही करा नाहीतर नका करू.

म्हणून तो संध्याकाळचा दम. समजा दुपारी बारा वाजता पिल्लाने सोफ्यावर सू केली आणि तुम्ही सहाला सातपूरहून थकून आलात, डाग बघितला, त्याला ओढत नेलं, नाक घासलं, दोन फटके दिले. आता त्या फटक्याच्या आधी लगेच काय घडलं? दाराची किल्ली फिरली, तुम्ही आत आलात, त्याला हाक मारलीत. सोफा आणि सू सहा तास मागे राहिले. पिल्लू जे शिकलं ते हे की किल्ली फिरली आणि हाक ऐकू आली की मार बसतो. थोडं अजून शिकलं तर हे, की जमिनीवर सू आणि माणूस एकाच खोलीत असले की वाईट असतं, मग ते तुमच्या समोर, बाहेर फिरायला नेल्यावर पण, करत नाही आणि घरी येऊन पडद्यामागे करतं, आणि लोक म्हणतात बघा किती डँबिस आहे, मुद्दाम करतो.

यावर हमखास ऐकायला मिळतं की अहो पण त्याला कळतं, चेहरा बघा ना कसा अपराधी करतो, कान मागे, नजर चुकवतो. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ बाईंनी 2009 साली याच्यावरच प्रयोग छापला. मालकाला कधी सांगितलं कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला, कधी सांगितलं नाही खाल्ला, आणि प्रत्यक्षात काय झालं ते वेगळंच ठेवलेलं. तर तो अपराधी चेहरा कुत्र्याने काय केलंय यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की तो चेहरा यायचा, आणि न खाता उगाच बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचा चेहरा तर जास्तच अपराधी दिसला. म्हणजे तो चेहरा म्हणजे "बाबा मारू नको" एवढंच.

"इकडे ये" चं तर आपण पार वाटोळं करून ठेवलंय. सकाळी गोल्फ क्लब ग्राउंडवर किंवा कृषीनगरच्या ट्रॅकच्या बाजूला उभं राहून बघा, कुत्रा मस्त खेळतोय, मालकाला ऑफिसची घाई, तो ओरडतो टायगर इकडे ये, टायगर येत नाही, दहा हाका झाल्या, शेवटी आला तर पहिली गोष्ट काय, कानाखाली एक आणि गळ्यात पट्टा. आता टायगरने काय जोडायचं? तो आला म्हणून मार बसला आणि खेळ संपला. उद्या तो अकराव्या हाकेला येईल, परवा येणारच नाही. याच्या उलट करायचं असतं, खेळता खेळता मधेच बोलवायचं, आला की उकडलेल्या कलेजीचा तुकडा, शाकाहारी असाल तर पनीर, आणि जा बाळा परत खेळ. असं सारखं झालं की शेवटी पट्टा लावायला बोलावलं तरी धावत येतो कारण पट्ट्याची हाक आणि कलेजीची हाक यातला फरक त्याला लागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते नाहीतर बायोलॉजीवाले वाचक मलाच पत्र लिहितील. लाळ आणि भीती ही पावलोव्हची जात. "बस" म्हटल्यावर बसणं ही वेगळी जात, तिथे कुत्रा स्वतः काहीतरी करतो आणि त्याचा परिणाम बघून परत करायचं की नाही ते ठरतं. थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1898 मध्ये मांजरांना पेटीत कोंडून हे दाखवलं, खटका दाबला की दार उघडतं, मग मांजर खटका लवकर लवकर दाबायला लागतं, आणि पुढे स्किनर या दुसऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्याचं मोठं शास्त्र केलं. पण प्रत्यक्ष मैदानात दोन्ही गोष्टी एकदमच चालू असतात. तो टिक्-टिक् वाजणारा छोटा क्लिकर बघितला असेल, त्याच्यात काही जादू नाहीये, आधी क्लिक आणि लगेच खाऊ असं बऱ्याचदा केलं की क्लिक म्हणजे खाऊ आलाच हे पक्कं होतं, हे झालं पावलोव्हचं. मग कुत्र्याचं बूड जमिनीला टेकलं त्या क्षणी क्लिक करायचं, खिशातून बिस्कीट काढायला दोन सेकंद लागले तरी चालतं कारण "हेच, हेच बरोबर" असा निरोप वेळेवर पोचलेला असतो. ही आयडिया स्किनरच्या विद्यार्थ्यांची, केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने 1940 च्या दशकात वापरली, नंतर डॉल्फिनला शिट्टीने शिकवलं ते पण तेच, डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालून खेचणार कसं तुम्ही. क्लिकर नसेल तर जिभेने टक् आवाज काढा, फक्त दर वेळी तोच.

सिंहस्थात रामकुंडावर नाहीतर त्र्यंबकला बंदोबस्ताला पोलिसांचे बॉम्बशोधक कुत्रे दिसतात तेव्हा बघा नीट, ती शेपटी कशी हलत असते. त्या कुत्र्याला स्फोटक म्हणजे काय, देशभक्ती म्हणजे काय यातलं काही माहिती नसतं. त्या वासाच्या मागून बॉल मिळतो, किंवा खाऊ मिळतो, एवढंच त्याला माहितीये, आणि त्या बॉलसाठी तो गर्दीत, उन्हात, बॅगा हुंगत फिरतो. धाकाने हे काम होईल का हो? मार चुकवायला निघालेला कुत्रा कमीत कमी करतो, शोधत बसत नाही.

आता धाकाचा सगळ्यात घातक भाग, जो लेखात अजिबातच नाही. गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी, घालून समोरून दुसरा कुत्रा आला आणि आपला भुंकला की जोरात झटका द्यायचा ही पद्धत आपल्याकडे फार आहे, आमच्या भागात एक ट्रेनर येतात ते हेच करतात, महिन्याला चांगले पैसे घेतात, आणि पहिल्या आठवड्यात कुत्रा गप्प होतो म्हणून मालक खुश. पण क्रम बघा परत. दुसरा कुत्रा दिसला, लगेच मागून गळ्याला कळ. परत दिसला, परत कळ. मेट्रोनोम आणि खाणं होतं ना, तसंच हे, फक्त खाण्याच्या जागी वेदना. थोड्या दिवसांनी दुसरा कुत्रा नुसता लांबून दिसला तरी अंगावर काटा, आणि भुंकणं दाबून टाकल्यामुळे आधी जी वॉर्निंग मिळायची ती पण गेली, मग एक दिवस डायरेक्ट चावतो आणि सगळे म्हणतात अहो इतका शांत होता, अचानक काय झालं. आमच्या शेजारच्या लॅब्राडोरचं हे डोळ्यासमोर झालंय, पिल्लू असताना सगळ्यांशी खेळायचा, आता लिफ्टमध्ये दुसरा कुत्रा असेल तर ते लोक जिन्याने जातात. मारहाण हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा पण आहे, पण कायदा बाजूला ठेवा, ते काम पण करत नाही.

आणि पावलोव्हकडेच अजून एक प्रयोग आहे जो घरातल्या प्रत्येकाने वाचावा. वर्तुळ दाखवलं की खाणं, लंबवर्तुळ दाखवलं की काही नाही, कुत्रा हा फरक पटकन शिकला. मग ते लंबवर्तुळ हळूहळू गोल करत नेलं, शेवटी लांबी-रुंदी 9 ला 8 इतकी जवळ आली, आणि कुत्र्याचं सगळंच बिघडलं, आधी शांत उभा राहणारा कुत्रा किंचाळायला लागला, अंगावरच्या नळ्या दाताने तोडायला लागला, आणि सोपे फरक पण विसरला. आपल्या घरी काय असतं? आई म्हणते सोफ्यावर नाही, मुलगी मोबाईल बघताना स्वतःच जवळ घेऊन बसते, बाबांचा मूड असेल तर चालतं, पाहुणे असतील तर फटका. कुत्र्याने यातून काय ओळखायचं कधी वर्तुळ आहे आणि कधी नाही? घरात नियम दोनच ठेवा पण सगळ्यांचे सारखे ठेवा.

जेवताना ताटाशी येऊन बसणं हा प्रत्येक घरातला प्रॉब्लेम आणि त्याचं मूळ प्रत्येक घरात एकच, आजी. किंवा आजोबा. दहा वेळा हाकलतात आणि अकराव्या वेळी "खाऊ दे गं, बघ कसा बघतोय" म्हणून पोळीचा तुकडा. रोज दिला असता तर एक वेळ बंद केल्यावर तो लवकर विसरला असता, पण कधीतरीच मिळणाऱ्या गोष्टीचा नाद सुटत नाही, लॉटरीचं तिकीट घेणाऱ्यासारखं. बंद करायचं ठरवलं तर आधी ते वाढतं हे पण लक्षात घ्या, जास्त भुंकेल, पंजा मारेल, रडेल, हे होणारच, आणि नेमकं तेव्हाच लोक हार मानतात, मग कुत्रा शिकतो की एवढ्या जोरात भुंकलं की मिळतं. बरं, बंद झालं म्हणून निर्धास्त पण राहू नका, महिन्याभराने एक दिवस परत करून बघतो तो, पावलोव्हला पण हे दिसलं होतं, विझलेली सवय थोड्या विश्रांतीनंतर आपोआप परत डोकं वर काढते. तेव्हा पण द्यायचं नाही. एवढंच.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं वेगळं पत्र लिहावं लागेल, पण एक सांगते कारण अंबड-सातपूरहून रात्रपाळी करून येणाऱ्यांचा हा रोजचा त्रास आहे. बाईकमागे धावणारा कुत्रा दर वेळी जिंकतो. तो भुंकला, गाडी पळाली. त्याच्या हिशोबाने त्याने हाकलली. रात्रीतून तीस गाड्या, तीस वेळा बक्षीस, मग कशाला सोडेल तो हा धंदा. वेग वाढवला की आपणच त्याला शिकवत असतो, हळू केली किंवा थांबली की बऱ्याचदा पाठलाग तिथेच संपतो, आणि पडायचा धोका पण कमी.

शेवटचं, आणि हे कृपया छापाच, फटाक्यांचं. 1924 च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला, म्हणजे त्याच सेंट पीटर्सबर्गला, मोठा पूर आला, आपल्याकडे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढलं बघायला सगळे गोदाघाटावर जातात तसला नाही, पावलोव्हच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं, कुत्रे नाक वर काढून पोहत होते, कसेबसे वाचवले. नंतर काही कुत्रे शिकवलेलं सगळं विसरले होते, आणि त्यातल्या एकाला पुढे बऱ्याच दिवसांनी सावरल्यावर दाराखालून नुसती पाण्याची धार सोडली तर परत तीच अवस्था झाली. भीतीला एकदाच पुरतं, खाऊसारखं रोज रोज जोडावं लागत नाही. म्हणून पिल्लाची पहिली दिवाळी फार जपायची असते. "सवय होऊ दे त्याला" म्हणून लवंगीच्या माळेजवळ पट्टा धरून उभे राहणारे लोक मी बघितलेत, सवय होत नाही, उलट दर वर्षी वाढतं, मग तो कुत्रा दसऱ्यालाच पलंगाखाली जातो कारण कुठेतरी एक टिकली वाजलेली असते.

करायचं ते असं. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज लावा, इतका हळू की कुत्रा फक्त कान टवकारेल, घाबरणार नाही. आवाज आला की लगेच चिकन. आवाज बंद, चिकन बंद. आधी आवाज मग चिकन, याच क्रमाने, उलट केलं, म्हणजे चिकन देऊन मग आवाज, तर चिकन दिसल्यावरच तो घाबरायला लागेल आणि मग खायला घालायची पण पंचाईत. रोज पाच मिनिटं पुष्कळ झाली. काही दिवसांनी आवाज एक काडी वाढवायचा, कान मागे गेले किंवा खाणं तोंडातून पडलं की आपण घाई केली, परत खाली यायचं. ज्याला आधीच खूप भीती आहे, थरथरतो, लाळ गळते, त्याच्यासाठी हे एकट्याने करू नका, जनावरांच्या डॉक्टरांना दिवाळीच्या बरंच आधी भेटा, औषधं असतात. आणि प्रत्यक्ष दिवाळीत घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते असं जे सांगतात ते ऐकू नका, भीती ही लाळेसारखी आहे, ती बक्षीस म्हणून कोणी करत नसतं, कुशीत यायचं असेल तर घ्या.

याला आठवडे लागतात, त्यामुळे दिवाळी अंकासोबत नाही तर गणपती बसायच्या आधीच्या पुरवणीत ही माहिती आली तर लोकांना उपयोग होईल. वसुबारसेला छापून काही होणार नाही. आणि ज्यांनी तो लेख लिहिलाय त्यांना माझा निरोप द्या, संध्याकाळच्या दमाचा परिच्छेद तेवढा मागे घ्या, बाकी गोचिडांचं छान लिहिलंय.

कळावे,
आपली एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक